फिजिओ की ओटी? ओळख असलेला आणि नसलेला पेशा

दोन्ही अभ्यासक्रमांचे अर्ज समोर ठेवून बसलेल्यांना एक प्रश्न हमखास पडतो. फिजिओथेरपी सगळ्यांना माहीत आहे आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ‘ओटी’, कुणालाच नाही, मग दुसरीकडे जायचंच कशाला? मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, त्यामुळे पारडं थोडं माझ्या बाजूला झुकेल, हे आधीच सांगून टाकते.

पहिला घोळ नावापासूनच आहे. ‘भौतिकोपचार’ हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर कुणी वापरत नाही, पण ‘फिजिओ’ प्रत्येकाच्या तोंडी आहे. आमच्या वाट्याला आलाय ‘व्यवसायोपचार’. तो ऐकला की लोकांना नोकरीधंदा आठवतो, आणि ‘ओटी’ म्हटलं की ऑपरेशन थिएटर. मुळात ‘ऑक्युपेशन’ म्हणजे माणसाचा दिवस ज्या ज्या गोष्टींनी भरलेला असतो ते सगळं: आंघोळ, स्वयंपाक, अभ्यास, खेळ, नोकरी. नाव रुजवलं जॉर्ज बार्टन या अमेरिकन वास्तुविशारदाने. क्षयरोग, पायाची शस्त्रक्रिया आणि अर्धांगवायू यांतून तो स्वतः गेला होता. 1917 साली त्याच्याच घरी या पेशाची पहिली संघटना स्थापन झाली. जमलेल्यांत मनोविकारतज्ज्ञ होता, हस्तकला शिकवणारी बाई होती. अशा मिश्र घरात जन्मलेल्या पेशाची ओळख एका वाक्यात कशी सांगणार?

फिजिओथेरपीची ओळखही आयती आलेली नाही, हे मात्र विसरायला नको. 1894 साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली, कारण मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालत होते आणि त्यांना आपलं नाव त्यापासून वेगळं ठेवायचं होतं. आजही फिजिओला ‘जरा पाठ रगडून द्या’ म्हणणारे भेटतातच. म्हणजे सगळे ओळखतात ते खरं, पण बरोबर ओळखतातच असं नाही. लकव्यानंतर चालायला शिकवणं, अतिदक्षता विभागात छातीतला कफ सुटायला मदत करणं, बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या स्नायूंना बळ आणणं, हेही फिजिओचं काम आहे. लोकांना दिसतं ते गुडघ्याला लावलेलं मशीन आणि सामन्यात बॅग घेऊन धावत येणारा माणूस. खरं तर त्या धावण्याने फिजिओला जेवढी प्रसिद्धी दिली, तेवढी कुठल्याही जाहिरातीने दिली नसेल.

आमच्याकडे असं धावणारं कुणी नाही. लकवा झालेल्या माणसाला मी शर्ट घालायला शिकवते: आधी दुबळा हात बाहीत, मग चांगला, आणि काढताना उलट, चांगला आधी. चमच्याची मूठ जाड करून देते, बाथरूममध्ये दांडी कुठे हवी ते ठरवते. काम जमलं की माणूस आपला शर्ट घालून बाहेर पडतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शर्ट तर सगळेच घालतात! फिजिओचा पेशंट काठी टाकून चालला की घरचे व्हिडिओ काढतात. बटण लावल्याचा व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही.

एका वर्तुळात मात्र चित्र उलटं आहे. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना ‘ओटी’ समजावून सांगावं लागत नाही. जीन आयर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने मांडलेलं ‘सेन्सरी इंटिग्रेशन’, म्हणजे स्पर्श, तोल, आवाज अशा संवेदनांचा मेळ बसवणं, त्यांच्या बोलण्यात सहज येतं. तिथे धोका वेगळाच. झोके आणि रंगीत चेंडू एवढीच आमची ओळख उरते, आणि मानसोपचार विभागात, हाताच्या दुखापतींवर किंवा स्मृतिभ्रंशात होणारं काम झाकलं जातं.

आता निवडीकडे वळू. ओळखीचा फरक पैशापाण्याला लागतो तो मुख्यतः स्वतःचं क्लिनिक काढताना. पाठ दुखली की लोक स्वतःहून फिजिओकडे जातात, अनेक देशांत डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. ओटीकडे मात्र बहुतेकांना कुणीतरी पाठवावं लागतं, डॉक्टर, शाळा, नाहीतर दुसऱ्या एखाद्या मुलाचे पालक. त्यामुळे पहिली काही वर्षं तुम्हाला आधी ‘मी काय करते’ हेच विकावं लागतं. हा वैताग मी कमी करून सांगणार नाही. दहाव्यांदा तेच समजावताना मलाही कंटाळा येतो. पण रुग्णालयात किंवा पुनर्वसन केंद्रात नोकरी करणार असाल तर हा मुद्दा बराच बोथट होतो, कारण तिथे पेशंट आतल्याच इतर विभागांतून येतात.

उलट बाजूही आहे. फिजिओकडे येणारा पेशंट मोबाइलवर दोन व्यायाम पाहून, स्वतःच निदान करून आलेला असतो. त्याला व्यायामाचं महत्त्व पटवायचं की आधी त्याच्या चुकीच्या समजुती काढायच्या, यात वेळ जातो. माझ्याकडे येणारा कोरी पाटी घेऊन येतो. ती कधी कधी फार सोयीची असते.

जागतिक फिजिओथेरपी दिन 8 सप्टेंबरला आणि जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिन 27 ऑक्टोबरला असतो. या दिवसांची फलकबाजी पाहून अर्ज भरू नका. एखाद्या पुनर्वसन विभागात परवानगी घेऊन दोन दिवस बसा. एकाच लकव्याच्या पेशंटला सकाळी फिजिओ उभं करताना बघा, आणि दुपारी ओटी त्याच्यासोबत चहा करताना. नंतर घरी आल्यावर डोक्यात काय घोळतंय ते पाहा: त्याचा तोल, की कपातला चहा सांडला तेव्हाचा त्याचा चेहरा.