जुना मार्शल एमजी१५सीडीआर गिटार अ‍ॅम्प ४३०० ला घेतला, त्याचा हिशोब

मे-जूनमध्ये पुण्यात कर्वेनगर, वारजे साइडला इंजिनिअरिंगची पोरं फ्लॅट सोडतात तेव्हा कूलर, गादी, इंडक्शन शेगडी आणि गिटार सगळं एकाच फोटोत विकायला असतं. अशाच एका फोटोत गादीच्या मागे काळ्या डब्यावर पांढऱ्या अक्षरात मार्शल दिसलं आणि मी लगेच फोन लावला, गादीसकट घ्यावं लागलं असतं तरी गेलो असतो.

नाव बघून हुरळायचं नाही हे आधी सांगतो. मोठ्या बँडच्या मागे भिंतीसारखे रचलेले मार्शल दिसतात ते व्हॉल्व्हवाले, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले, हा साधा ट्रान्झिस्टरवाला प्रॅक्टिस अ‍ॅम्प आहे, १५ वॉट, ८ इंची स्पीकर. क्लीन (स्वच्छ आवाज) आणि ओव्हरड्राइव्ह (रॉकवाला फाटका आवाज) असे दोन चॅनेल, बास आणि ट्रेबलच्या सोबत मिडलऐवजी कॉन्टूर नावाचा, मधल्या आवाजाचा आकार बदलणारा नॉब, आणि खरोखरच्या स्प्रिंगचा रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये वाजवल्यासारखी घुमणारी शेपटी. मी गेलो त्या स्प्रिंगसाठी. आजकाल छोट्या अ‍ॅम्पमध्ये रिव्हर्ब असला तरी बहुतेक डिजिटलच असतो.

पोरगा फोनवर म्हणाला होता, "दादा, कंडिशन एक नंबर, फक्त रिव्हर्ब गेलाय." एक नंबर आणि फक्त एकाच वाक्यात आले की स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जायचं, मी तेच केलं. पहिल्यांदा केबल न लावता अ‍ॅम्प चालू केला, सगळे व्हॉल्युम शून्यावर, आणि कान स्पीकरला लावला. तेव्हाच मोठी घूं ऐकू आली असती तर आतले पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झालेत असं समजून सरळ चपला घातल्या असत्या. बारीक सूं होती, तेवढी चालते. मग गिटार लावली, माझी स्क्वायर कंपनीची गिटार सिंगल कॉइलवाली आहे, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे तिचे पिकअप आजूबाजूची विजेची गुणगुणही पकडतात, त्यामुळे थोडी गुणगुण आलीच, तारांना हात लावला की कमी होते, तो अ‍ॅम्पचा दोष नाही, त्यावरून भाव पाडू नका, समोरच्याला कळत असेल तर हसं होतं.

खरे दोष पुढे निघाले. प्रत्येक नॉब फिरवला की वाळूत चालल्यासारखी खरखर, आणि केबल जॅकमध्ये जरा हलवली की आवाज गायब. "तुमची केबल खराब असेल दादा." त्याची लावली, तेच. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये जॅक बऱ्याचदा थेट सर्किट बोर्डावर बसवलेला असतो, कोणीतरी केबलला अडखळतं, सोल्डरला चीर जाते, चारशे रुपयांच्या आत काम होतं पण भाव करताना चेहऱ्यावर तसं दिसू द्यायचं नाही. त्याने ५५०० सांगितले होते, मी ४००० वर अडून बसलो, तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला की सामान भरलंस का, जेवलास का, आणि मी येड्यासारखा स्वतःहून ४३०० म्हणालो.

मागचं लेबल वाचायला विसरू नका. २३० व्होल्ट लिहिलेलं पाहिजे. अमेरिकेतून कोणाच्या तरी दादाने आणलेले अ‍ॅम्प पण बाजारात फिरतात, ते १२० व्होल्टचे, पिन बदलून आपल्या सॉकेटमध्ये घातले की फ्यूज तरी जातो नाहीतर ट्रान्सफॉर्मर. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर स्वस्ताईचा मुद्दाच संपला.

रिक्षाचे १४० गेले. दुसऱ्या दिवशी तापकीर गल्लीत जाऊन कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला, २५० ला, दुकानात नुसतं स्प्रे द्या म्हणलं तर गंज काढायचा तेलकट देतात, तो पॉटमध्ये (नॉबच्या आतल्या भागात) मारू नका, दोन दिवस बरं वाटतं मग धूळ धरून बसतो. रिपेअरवाल्या काकांनी जॅकचं चीर गेलेलं सोल्डर परत केलं, मागचं उघडलंच होतं तर रिव्हर्बची डबी पण बघितली आणि हसायलाच लागले. एक वायर निसटली होती. बस. जोडली, चालू. सगळ्याचे मिळून ३५० घेतले. म्हणजे एकूण ५०४०, आणि रिव्हर्ब एका वायरीसाठी अडला होता हे त्या पोराला अजून माहीत नाही. (स्वतः उघडायची हौस असेल तर प्लग काढला तरी आत कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो हे लक्षात ठेवा, मी म्हणूनच काकांकडे गेलो.)

आता आवाज. क्लीन चॅनेल आणि रिव्हर्ब अर्ध्याच्या जरा खाली, एवढ्यावर मी रोज रात्री तासभर वाजवतो आणि पैसे तिथेच वसूल आहेत. ओव्हरड्राइव्हचा गेन (आवाज किती फाडायचा तो नॉब) निम्म्यापर्यंत छान लागतो, पूर्ण ओढला की माझ्या कानाला पातळ आणि मधमाश्यांसारखा वाटतो, ८ इंची स्पीकरकडून किती मागणार. कॉन्टूरची एक गंमत आहे, मधला आवाज पोखरून काढेपर्यंत फिरवला की एकटं वाजवताना भारी, मोठं वाटतं, बॅकिंग ट्रॅक (सोबतीला वाजणारं तयार संगीत) लावला की गिटार कुठे गेली शोधत बसा. फ्लॅटमध्ये व्हॉल्युम दोनच्या पुढे गेलेला नाही, खालचे जोशीकाका जिन्यात भेटले की "चालू आहे वाटतं संगीत" म्हणतात आणि त्यात कौतुक नसतं. तेव्हा हेडफोन लावतो, स्पीकर बंद होतो.

स्प्रिंगचा तोटा एकच, अ‍ॅम्पला धक्का लागला की आतून आभाळ कोसळल्यासारखा आवाज येतो. मुलीला हे कळलंय. ड्रमर घेऊन वाजवणार असाल तर मात्र हा घेऊ नका, पहिल्याच सिंबलला याचं काही ऐकू येणार नाही.