पालिकेच्या टेंडरात 'स्थानिक'ची अट टाकावी की 'रिसायकल'ची? दोन्ही वापरून पाहिल्यावर

परवा एका मित्राचा फोन आला, पहिल्यांदाच निवडून आलाय, लगेच बांधकाम समितीत घेतलंय त्याला. म्हणाला, दादा, सभेत खरेदीच्या धोरणाचा ठराव मांडायचाय, गावातल्या व्यावसायिकांना प्राधान्य टाकू की रिसायकल मालाला, आणि दोन्ही टाकलं तर टेंडर भरायला कोणी येईल का. अर्धा तास बोललो तरी निम्मं राहून गेलं म्हणून आता नीट लिहूनच काढतो, त्याच्यासारखे अजून बरेच जण असतील.

मी दोन टर्म नगरसेवक होतो, खानदेशातली ब वर्ग नगरपरिषद. पहिल्या टर्मला स्थानिकची अट आम्ही हौसेने चालवून पाहिली, दुसऱ्या टर्मला रिसायकलची. ई-टेंडर, दोन लिफाफे (एकात पात्रता, दुसऱ्यात दर), एल-वन (सगळ्यात कमी दरवाला) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी त्या 'स्थानिक' शब्दाचंच बघा. आपल्या डोक्यात स्थानिक म्हणजे गावातला, फार तर तालुक्यातला. सरकारी कागदात तसं नाहीये. केंद्राचा 2017 चा मेक इन इंडिया खरेदी आदेश आहे, त्यात 'लोकल सप्लायर' हा शब्द ठळक आहे पण तो देशातल्या वाट्यावर ठरतो, मालात 50 टक्के किंवा जास्त देशी वाटा असला की क्लास वन, 20 ते 50 च्या मधला क्लास टू. म्हणजे नोएडाचा कारखानदार लोकल आणि आपल्या एमआयडीसीतला पोरगाही लोकल, दोघं एकाच रांगेत. दुसरं आहे ते सूक्ष्म-लघु उद्योगांचं 2012 चं धोरण, त्यात 25 टक्के खरेदी त्यांच्याकडून, त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून, शिवाय 358 वस्तू त्यांच्यासाठीच राखीव, आणि एल-वनच्या 15 टक्क्यांच्या आत दर असेल तर तो दर मॅच करून काम घ्यायची संधी. चांगलं धोरण आहे. ते केंद्राच्या खात्यांसाठी आणि कंपन्यांसाठी केलेलं आहे पण पालिकांच्या टेंडरात भाषा बऱ्याचदा तिथूनच उचललेली असते. त्यातसुद्धा जिल्हा-तालुका कुठेच नाही, उद्योग लहान पाहिजे, मग तो कुठलाही असो. थोडक्यात गावातलाच माणूस पाहिजे असेल तर ती अट तुम्हाला स्वतः लिहावी लागते.

आम्ही लिहिली. बागेतले बाक आणि रस्त्यावरचे कचऱ्याचे डबे घ्यायचे होते, तर 'पुरवठादाराचे नोंदणीकृत कार्यालय नगरपरिषद हद्दीत असावे' अशी ओळ टाकली आणि मी स्वतः सभेत तिच्या बाजूने भाषण केलं. मनापासून केलं होतं, गावातला पैसा गावात फिरावा, पोरांना काम मिळावं, यात चुकीचं काय आहे.

पाच जणांनी टेंडर भरलं. त्यातल्या तिघांच्या फर्मची नोंदणी तीन-चार महिन्यांपूर्वीची, पत्ते आपल्याच बाजारपेठेतले. ज्याला काम गेलं त्याचा माल रात्री साडेदहाला आला, परराज्यातल्या पासिंगची गाडी. सकाळी भांडारपालाने मला बोलावून एक डबा उलटा करून दाखवला, बुडाला कंपनीचं लेबल होतं ते ब्लेडने खरवडलेलं, पिनकोडचे शेवटचे तीन आकडे तेवढे राहिले होते आणि ते आपल्याकडचे नव्हते. फर्मचा पत्ता बघायला गेलो तर चपलांच्या दुकानावरची एक खोली, शटर खाली, बाहेर नवाकोरा बोर्ड. कागदावर सगळं बरोबर. दोन महिन्यांत झाकणांच्या बिजागऱ्या निघायला लागल्या, फोन केला की साहेब बाहेरगावी आहेत. आणि ज्या फॅब्रिकेशनवाल्याने अर्ध्या गावाची गेटं बनवलीयत, ज्याच्या वर्कशॉपमध्ये सात-आठ पोरं काम शिकली, तो मात्र टेंडरात बसलाच नाही. तीन वर्षांची उलाढाल दाखवता येईना, डिजिटल सही नव्हती.

हे सुद्धा मी सोसलं असतं, अटी सुधारता येतात. पण माझा निर्णय ज्याने फिरवला तो त्रास वेगळाच होता. प्रत्येक प्री-बिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या बैठकीला, एकच भांडण, स्थानिक कोण. एक म्हणायचा माझा जन्म इथला, घरपट्टी इथे भरतो. दुसरा म्हणायचा माझा जीएसटीचा पत्ता इथला. तिसऱ्याचा कारखाना हद्दीबाहेर चार किलोमीटरवर, कामगार सगळे आपल्याच वॉर्डांतले, सकाळी सायकलींची रांग लागते तिकडे जायला, तो आमच्या अटीप्रमाणे बाहेरचा ठरला आणि त्या खोलीवाला आतला. मग अट बदलली, हद्दीऐवजी तालुका केला, तर शेजारच्या तालुक्यातल्याने वकिलाची नोटीस पाठवली. आमच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं की राज्यघटनेच्या कलम 14 समोर अशी अट टिकवायची म्हणजे तुम्हाला तिचं कारण पटवून द्यावं लागेल, नुसतं आपल्या माणसांसाठी म्हणून चालणार नाही. फेरनिविदा. परत तेच. एका साध्या फूटपाथच्या कामाला अकरा महिने गेले, मध्ये एक पावसाळा गेला, शाळेतल्या मुली चिखलातून जायच्या आणि आम्ही सभागृहात कोणाचं रेशनकार्ड कुठलं यावर बोलतोय. त्या अकरा महिन्यांत ब्लॉक किती मजबूत पाहिजेत यावर एकदाही चर्चा झाली नाही. एकदाही नाही. ते मला फार लागलं.

दुसऱ्या टर्मला आमचे जे इंजिनिअर होते त्यांनीच विषय काढला. म्हणाले साहेब, पत्त्याचं सोडा, माल कशाचा बनलेला पाहिजे ते लिहू. आणि गंमत म्हणजे त्याला कायद्याचा आधार आधीपासून होता, आपणच वाचला नव्हता. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे 2016 चे नियम, आमच्या वेळी तेच लागू होते, त्यात पालिकेच्या आणि सरकारी कामांत 10 ते 20 टक्के माल राडारोड्यापासून बनवलेला घ्यावा असं सांगितलं होतं, क्वालिटी सांभाळून. काँक्रीटच्या खडी-वाळूचं जे आयएस 383 हे भारतीय मानक आहे त्याने 2016 च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी मर्यादेत वापरायला परवानगी दिलीय. फ्लाय अ‍ॅशचा, म्हणजे औष्णिक केंद्रातल्या कोळशाच्या राखेचा, नियम तर 1999 पासूनचा, औष्णिक केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आत बांधकामाला राखेच्या विटा-ब्लॉक वापरायचे, हे 300 किलोमीटर 2016 ला झालं. आमच्या दारात दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे, राखेला काय तोटा. आणि 2016 च्याच घनकचरा नियमांत पालिकेच्या बागांत दोन वर्षांत रासायनिक खत बंद करून कंपोस्ट वापरा असं होतं. म्हणजे हे आम्ही काही नवीन शोधून काढलं नाही, कर्तव्यच होतं.

मग फूटपाथच्या पुढच्या टेंडरात हद्दीची ओळ काढली. त्याजागी लिहिलं की ब्लॉकमध्ये पुनर्वापराच्या खडीचा आणि राखेचा वाटा इतका पाहिजे, आयएस 15658 प्रमाणे मजबुती एम-35, जाडी 60 मिमी, मजबुतीची 28 दिवसांची टेस्ट, नमुने पालिकेचा माणूस कारखान्यात जाऊन स्वतः उचलणार. बस. प्री-बिडला लोक आले, पहिल्यांदाच प्रश्न मालाबद्दल विचारले गेले. टेस्ट कुठल्या लॅबची चालेल, खडी वरच्या थरात नको फक्त खालच्या थरात चालेल का, राख ओली चालेल का. जन्म कुठला हे कोणी काढलं नाही.

आणि काम कोणाला गेलं, तर त्या चार किलोमीटरवाल्याला. आपोआप. कारण पेव्हर ब्लॉक जड, लांबून आणायचे तर भाडंच दर खाऊन टाकतं, आणि राडारोडा तर आपल्याच रस्ता रुंदीकरणात निघालेला, तो जवळ असेल त्यालाच स्वस्तात पडतो. मी त्याच्या कारखान्यात नमुने घ्यायला गेलो होतो. एक ब्लॉक त्याने घणाने फोडून दाखवला, वरचा थर गुळगुळीत करडा आणि खालच्या भागात लालसर विटेचे बारीक कण आणि मध्ये एक पांढरा तुकडा, जुन्या गिलाव्याचा. म्हणाला हे तुमच्या जुन्या भाजी मंडईचं आहे बरं का. जिथे माझे वडील आठवड्याचा बाजार करायचे ती मंडई. मी तो तुकडा घरी आणला, अजून आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही ठराव कराल आणि मला शिव्या द्याल.

पहिलं म्हणजे दर. जिल्हा दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, अशा मालाचा आयटम आमच्याकडे सापडला नाही, मग रेट अ‍ॅनालिसिस करून, म्हणजे दर स्वतः काढून, मंजुरी घ्यावी लागली, त्यात दोन महिने गेले. पहिल्या वेळी तीन टेंडरं आली नाहीत म्हणून मुदतवाढही द्यावी लागली. ऑडिटवाले विचारतात, त्यामुळे हे का घेतलं याची टिप्पणी फाइलला सुरुवातीपासून लावून ठेवा.

दुसरं, रिसायकल म्हटलं की सगळं चांगलंच असं नाही. कंपोस्टचा आमचा पहिला लॉट वाईट होता. बागेतल्या मावशी हाताने खत पसरत होत्या, त्यांच्या बोटात काच गेली, तीन टाके पडले. दिसायला खत काळंभोर, पण मुठीत घेऊन पसरलं की पिशव्यांच्या चिंध्या, केस, काचेचे कण. तेव्हापासून मी लेबलवर विश्वास ठेवणं सोडलं. खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टचे, म्हणजे शहरातल्या कचऱ्यापासूनच्या खताचे, निकष दिलेत, 4 मिमीच्या चाळणीतून 90 टक्के पडलं पाहिजे, कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर 20 च्या आत, तेच टेंडरात घाला आणि पोती उतरवायच्या आधी एक पोतं चाळून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. आपल्या राज्याचा 'हरित महासिटी कंपोस्ट' म्हणून ब्रँड आहे, तो मिळवायलाही आधी लॅबचा रिपोर्ट लागतो, आपल्याच कचरा डेपोचं खत त्या पातळीला नेता आलं तर विकत घ्यायचीही गरज नाही.

तिसरं मला सगळ्यात अवघड गेलं. वीटभट्टीवाले. नदीकाठच्या भट्ट्या, पिढ्यान् पिढ्यांची कामं, त्यांच्याहून स्थानिक कोण असणार. राखेच्या विटेची अट आली आणि पालिकेच्या कामातून ते बाहेर पडले. एक काका माझ्या ओट्यावर येऊन बसले होते, भांडले नाहीत, फक्त म्हणाले पोरा, तुझ्या घराची वीट कोणाची आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. त्यातल्या एकाच्या मुलाने बँकेचं कर्ज काढून राखेच्या विटांचं मशीन टाकलं, बाकीच्यांनी नाही टाकलं. तुमच्याकडे असं असेल तर अट एकदम लावू नका, एक-दोन वर्षांची मुदत द्या, मशीनसाठी योजना असतील तर त्यांच्या घरी जाऊन सांगा. आम्ही एवढं केलं नाही, करायला पाहिजे होतं.

बरं, स्थानिकची अट कुठे उपयोगाची नाहीच असं माझं म्हणणं नाही. दुरुस्तीची कामं असतात, पथदिवे, पाण्याच्या मोटारी, हातपंप, तिथे जवळचा माणूसच पाहिजे. पण तिथेही पत्ता मागू नका, 'तक्रार आल्यापासून चार तासांत माणूस जागेवर' असं लिहा आणि उशिराला दंड ठेवा, लांबचा माणूस स्वतःहूनच येत नाही आणि कोर्टात विचारलं तर कारणही साफ आहे. आणि कोटेशनवर होणाऱ्या छोट्या खरेद्या. 2018 ला प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा आम्ही बचत गटांकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या, स्थानिकही झालं आणि रिसायकलही, कोणी एक शब्द बोललं नाही. कार्यालयातल्या कागदाचं मात्र जमलं नाही आमचं, स्वस्तातला रिसायकल कागद प्रिंटरला अडकायचा आणि रजिस्टरवर शाई फुटायची, क्लार्क मंडळी वैतागली, सोडून दिलं. चांगल्या प्रतीचा घेतला असता तर कदाचित चाललंही असतं.

तुमचं गाव वेगळं असेल, जवळ राख नसेल, क्रशर नसेल, मोठ्या शहरात तर गणितच वेगळं. पण जड माल असेल, म्हणजे ब्लॉक, विटा, खत, भरावाची खडी, तर मी तरी पहिली अट रिसायकलची लिहीन. रिसायकलची लिहिली की गावातला माणूस पुष्कळदा आपसूक येतो, नुसता पत्ता मागितला की माल कुठलाही येऊ शकतो, हे मी दोन टर्ममध्ये बघितलंय.

आणि एक, ब्लॉकचं टेंडर काढणार असाल तर दिवाळीनंतर लगेच काढा. मंजुरी, मुदतवाढ, त्यात 28 दिवसांची टेस्ट, हे सगळं धरलं तर फेब्रुवारीत माल हातात येतो आणि मेअखेर फूटपाथ होतो. आम्ही पहिल्यांदा जानेवारीत काढलं होतं आणि शेवटचे दोनशे मीटर भर पावसात ताडपत्री धरून बसवले.