शनिवारी पहाटे टेक्सासच्या शाळांचं फुटबॉल आणि गरम उप्पीट : जुळे सोलापूरच्या कॅफेचा रिव्ह्यू

आधी एक क्लिअर करतो म्हणजे कुणी गैरसमजातून पहाटे उठून जाणार नाही. इथं शनिवारी सकाळी मोठ्या स्क्रीनवर जे फुटबॉल लागतं ते मेस्सी-रोनाल्डोवालं नाही, अमेरिकेतलं आहे, हेल्मेट घालून लांबट बॉलनं खेळतात ते, आणि त्यातसुद्धा प्रोफेशनल टीमचं नाही तर हायस्कूलच्या पोरांचं, म्हणजे आपल्याकडं नववी ते बारावीत असतील त्या वयाची पोरं. टेक्सासमधल्या शाळा. आणि बघणारे आपण, जुळे सोलापुरात, हातात उप्पीटाची प्लेट घेऊन. ऐकायला कसंही वाटू दे, शनिवारी सकाळी जायला या शहरात मला तरी यापेक्षा भारी जागा सापडलेली नाही.

मालक काका बरीच वर्षं डॅलसच्या बाजूला नोकरीला होते, मुलगा तिथल्या ॲलन हायस्कूलला होता, टीममध्ये नाही, बँडमध्ये. परत आल्यावर काकूंनी नाश्त्याचं सुरू केलं आणि काकांनी भिंतीला स्क्रीन लावला. दुकान एवढंच आहे, सहा-सात टेबलं, बाहेर थोडी प्लास्टिकच्या खुर्च्यांची जागा.

टायमिंग नीट समजून घ्या कारण इथंच लोक चुकतात. तिकडं मॅच शुक्रवारी संध्याकाळी सातला सुरू होते. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबर संपेपर्यंत तेव्हा आपल्याकडं शनिवारचे पहाटे साडेपाच वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागं गेली की आपले साडेसहा. मॅच साडेसातची असली तर अर्धा तास पुढं धरा. प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या मॅचेस, नोव्हेंबरच्या मध्याला चालू होतात म्हणजे खरी मजा साडेसहा-सातच्या टायमाला येते, थंडी असते, चहा लागतोच. डिसेंबरमध्ये फायनलच्या आठवड्यात तर आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियमवर चार दिवसांत बारा फायनल होतात, तिकडं सकाळी अकराला पहिली मॅच म्हणजे आपल्याकडं रात्री साडेदहा, त्या आठवड्यात काका दुकान रात्रीसुद्धा उघडं ठेवतात आणि शेजारी काही बोलत नाहीत कारण निम्मे शेजारी आतच बसलेले असतात.

खाण्याचं पटकन सांगतो. उप्पीट चांगलं आहे, सुशीला त्याहून चांगला, लिंबू आणि कोथिंबीर सढळ हातानं. इडलीबरोबर पुडी चटणी मागा, न मागता देत नाहीत. धपाटे आठनंतरच मिळतात, दही आणि शेंगा चटणी सोबत असते, ही चटणी काकू स्वतः कुटून घेतात आणि पाव किलोच्या पुड्यांतून विकतातसुद्धा. मॅचच्या दिवशी एक स्पेशल असतं, फ्रिटो पाय, टेक्सासच्या स्टेडियमवर मिळतं तसं, मक्याच्या चिप्सचं पाकीट उभं फाडायचं आणि त्यातच वरून गरम चिली (मांसाचा दाट रस्सा) आणि चीज. इथं चिलीच्या जागी राजम्याची दाट उसळ घालतात. मला ते चीजशिवाय जास्त आवडतं, पोरं मात्र चीज डबल मागतात. कॉफी नका घेऊ, चहा घ्या.

आता मेन गोष्ट. डाव्या भिंतीवर काकांनी पुठ्ठ्यावर प्लेऑफचा तक्ता हातानं काढलाय आणि दर शनिवारी मॅच संपली की स्केचपेननं विनरचं नाव पुढच्या रकान्यात जातं. नवीन माणूस आला की काका त्याला आधी तिथं उभं करून समजावतात, आणि हे समजावणं एवढं सुरेख आहे ना की मी त्यासाठीच दोन स्टार देईन. टेक्सासमध्ये शाळांचे खेळ यूआयएल नावाची संस्था चालवते, १९१० पासूनची, ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीची. पटसंख्येवरून शाळांचे सहा वर्ग पाडतात, १-ए सगळ्यात छोट्या शाळा, ६-ए सगळ्यात मोठ्या, आणि दर दोन वर्षांनी पटसंख्या परत मोजून वर्ग आणि गट दोन्ही नव्यानं ठरतात, त्यामुळं कालचा कट्टर वैरी पुढच्या वर्षी तुमच्या गटात नसेलही. रेग्युलर सीझनला दहा मॅचेस. मग आपल्याकडं शालेय कबड्डी-खोखोला तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जातात तसंच, फक्त पायऱ्या सहा (१-ए ला पाच), आणि प्रत्येक पायरीला हरला की घरी.

६-ए चं गणित काका बोटांवर मोजून दाखवतात. डिस्ट्रिक्ट, म्हणजे मघाचे ते गट, बत्तीस, प्रत्येकातून चार शाळा, म्हणजे एकशे अठ्ठावीस. त्या चारांतल्या पटानं मोठ्या दोन शाळा डिव्हिजन एकमध्ये, लहान दोन डिव्हिजन दोनमध्ये. दोन्हीकडं चौसष्ट-चौसष्ट. मग बाय-डिस्ट्रिक्ट, एरिया, रीजनल, क्वार्टर, सेमी, फायनल. गंमत कुठं आहे बघा, आपली शाळा कुठल्या डिव्हिजनला जाणार हे आपल्यावर नसतंच, बाकीच्या तीन कोण आल्या त्यावर आहे. म्हणजे शेवटच्या आठवड्यात तुम्ही आधीच क्वालिफाय झालेले असाल तरी चौथ्या जागेसाठी भांडणाऱ्या दोन शाळांची मॅच जीव मुठीत धरून बघायची, कारण मोठी शाळा आत आली तर तुम्ही खालच्या डिव्हिजनला सरकता आणि पुढचा सगळा रस्ताच बदलतो. खालच्या वर्गांना हे नाही, त्यांच्या डिव्हिजन सीझनच्या आधीच ठरलेल्या असतात.

यावर माझं आणि काकांचं पटत नाही. मला चार शाळा म्हणजे जास्त वाटतात. ६-ए मधल्या निम्म्याहून जास्त शाळा प्लेऑफला जातात, मग दहा मॅचेस कशासाठी खेळल्या, आणि पहिल्या राऊंडला किती मॅचेस हाफ टायमालाच संपल्यासारख्या असतात. दोन पुरे. काका म्हणतात, "अरे, चौथ्या नंबरच्या शाळेतल्या बारावीच्या पोराला तो एक आठवडा आयुष्यभर पुरतो." पूर्वी तिथं फक्त डिस्ट्रिक्ट चॅम्पियनच पुढं जायचा, तेव्हा बरोबरी झाली की पंचाईत. प्लेऑफची मॅच टाय झाली तर कुणी समोरच्याच्या विसाव्या यार्डाच्या आत किती वेळा मुसंडी मारली हे मोजायचे, तेही सारखं निघालं तर फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत बॉल दहा यार्ड पुढं नेला की एक) मोजायचे. आणि १९८८ साली तर ओडेसाची पर्मियन हायस्कूल तीन शाळांच्या बरोबरीत नाणं उडवून पुढं गेली. ते ऐकल्यावर माझा मुद्दा थोडा लंगडा पडतो हे मान्य, पण दोनवर मी ठाम आहे.

त्याच १९८८ ची पुढची गोष्ट काका सांगायला लागले की किचनमधला पोरगासुद्धा बाहेर येऊन उभा राहतो. पर्मियन सेमीफायनलला डॅलसच्या कार्टर हायस्कूलकडून हरली, १४-९. कार्टरनं पुढं फायनल मारली. आणि नंतर एका खेळाडूच्या बीजगणिताच्या मार्कांवरून वाद पार कोर्टात गेला, टायटल काढून घेतलं आणि कॉन्व्हर्सच्या जडसन हायस्कूलला दिलं. कारण तिथं १९८४ पासून कायदाच आहे, विषयात नापास तर मैदानात नाही. आपल्याकडच्या पालकांनी हे आवर्जून ऐकावं, जे म्हणतात खेळलं की अभ्यास बुडतो. तिथं उलट आहे, अभ्यास बुडला की खेळ बुडतो.

उजवी भिंत टीमच्या इतिहासाची. ॲलनचा फोटो अर्थातच सगळ्यात मोठा. साधारण सहा कोटी डॉलरचं, अठरा हजार लोक बसतील असं शाळेचं स्टेडियम, २०१२ ला उघडलं, २०१४ ला काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद केलं, २०१५ ला परत सुरू. आणि याच काळात टीमनं २०१२, १३, १४ अशी सलग तीन टायटल मारली, सलग ५७ मॅचेस जिंकल्या, पुढं प्रोफेशनल झालेला कायलर मरे तिथं क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मेन खेळाडू, होता आणि तो स्टार्टर म्हणून शाळेत एकही मॅच हरला नाही, ४२-०. २०१५ च्या सेमीला ऑस्टिनच्या वेस्टलेकनं ती साखळी तोडली. त्याच्या खाली इतर साखळ्यांचा कागद, ॲबिलीन ४९ (१९५४ ते ५७), सेलिना ६८ (१९९८ ते २००२), आणि टेक्सासबाहेरची म्हणून वेगळ्या रंगात कॅलिफोर्नियाची डी ला साल, १५१ मॅचेस, १९९२ ते २००४. मी ते १५१ बघून काही वेळ तिथंच उभा होतो. बारा वर्षं. पोरं दर चार वर्षांनी बदलतात आणि टीम हरत नाही, म्हणजे एवढ्या काळात किती पोरं शाळेत आली आणि एकही पराभव न बघता बाहेर पडली. अलेडोची बारा राज्य टायटलं आहेत, त्यातली शेवटची २०२३ ची. कोच गॉर्डन वुड यांचा फोटो आहे, स्टॅमफर्ड आणि ब्राउनवूड मिळून नऊ टायटलं, १९८५ ला रिटायर झाले तेव्हा ३९६ विजय.

कोपऱ्यात रिबिनी आणि घुंगरं लावलेली हातभर लांब शेवंती टांगलीय, कापडी. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थी शाळेत परत येतात त्या मॅचच्या दिवशी तिकडच्या पोरी अशी शेवंती दिवसभर छातीवर मिरवतात. काकांच्या मुलानं त्याच्या मैत्रिणीला दिलेली होती, आता ती सून आहे. आपल्या मार्डीच्या शेवंतीवाल्या आजी एकदा ती बघून काकूंना म्हणाल्या, एवढा पसारा करण्यापेक्षा खरी फुलं आणायची की.

ज्या शनिवारी लाईव्ह मॅच रंगत नाही त्या दिवशी काका जुनं रेकॉर्डिंग लावतात. २०१८ ची ६-ए फायनल, नॉर्थ शोर विरुद्ध डंकनविल. शेवटचा प्ले, ४५ यार्डांवरून आंधळा लांब पास, चार-पाच डोकी वर उड्या मारतात आणि बॉल नॉर्थ शोरच्या पोराच्या हातात. ४१-३६. निकाल सगळ्यांना माहितीये तरी दरवेळी टेबलं वाजतात.

मला पर्सनली सगळ्यात आवडतो तो सिक्स-मॅन, १-ए च्या शाळांचा. गावात पोरंच कमी म्हणून सहा-सहाची टीम. १९३४ ला नेब्रास्कात हा प्रकार सुरू झाला. मैदान ८० यार्ड लांब, ४० रुंद, फर्स्ट डाउनला दहाऐवजी पंधरा यार्ड, लाथेनं मारायच्या फील्ड गोलला तीनऐवजी चार पॉइंट, आणि हाफ टायम किंवा त्यानंतर कधीही ४५ पॉइंटचा फरक पडला की मॅच तिथंच खलास. स्कोअर कसलेही होतात. पण बघायला बसलात की कळतं, स्टँडमध्ये अख्खं गाव असतं, पिकअप गाड्या मैदानाला लागून उभ्या, आणि हॉर्न वाजवून टाळ्या. आपल्या मंगळवेढा-सांगोल्याकडच्या कमी पटाच्या शाळांच्या पीटी सरांनी हे बघायला पाहिजे. इथं येणाऱ्यांत दोन रिटायर्ड पीटी सर आहेतच, ते वही घेऊन बसतात. बाकी गर्दी म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं, एमआयडीसीतून नाईट करून थेट आलेले, आणि ज्यांची पोरं ह्यूस्टन-डॅलसला आहेत असे आई-वडील. एक मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "काय बघलालाव रे पहाटे पहाटे?" आता त्या केटी हायस्कूलच्या पक्क्या आहेत, नातू तिथं शिकतो म्हणून, आणि फर्स्ट डाउन झाला का नाही हे रेफरीच्या आधी सांगतात.

आता कमी काय ते. लाईट गेली की संपलं, इन्व्हर्टरवर स्क्रीन चालतो पण इंटरनेट बंद पडतं, आणि ते नेमकं चौथ्या क्वार्टरला होतं. काकांनी मोबाईलचं हॉटस्पॉट आधीच तयार ठेवलं तर दहा मिनिटं वाचतील. बाईक लावायला जागा नाही, समोरच्या अपार्टमेंटच्या गेटला लावू नका, तिथले लोक बरोबर ओरडतात. मॅच चालू असताना ऑर्डर यायला उशीर होतो कारण वाढणारा पोरगाही बघत असतो. लहान मुलांना घेऊन गेलात तर मागच्या टेबलावर बसा, पुढं आवाज जास्त असतो.

एक मनापासून विनंती, काका हा रिव्ह्यू वाचतात म्हणून इथंच लिहितो. इतिहासाच्या भिंतीवर एक जागा रिकामी आहे असं मला वाटतं. १९६० च्या दशकापर्यंत यूआयएल फक्त गोऱ्या शाळांची होती. काळ्या मुलांच्या शाळांची लीग वेगळी होती, प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग, १९२० ते १९७०. पुढं प्रोफेशनल फुटबॉलमध्ये गाजलेले दोघं तिथलेच, टेंपलच्या डनबार हायस्कूलमधून जो ग्रीन आला, बोमाँटच्या चार्लटन-पोलार्डमधून बब्बा स्मिथ आला आणि बब्बाचे वडीलच तिथं कोच होते. शाळा एकत्र झाल्या तेव्हा यातल्या कितीतरी शाळा बंद पडल्या, त्यांचे रंग गेले, ट्रॉफ्या कुठं गेल्या ते गेल्या. गॉर्डन वुड यांच्या शेजारी तेवढी जागा आहे. पुठ्ठा आणि स्केचपेन मी आणून देतो, प्रिंटचा खर्च त्या पीटी सरांनी देऊ केलाय, तुम्ही फक्त हो म्हणा.

साडेचार स्टार. अर्धा लाईटचा कापला. शनिवारी पुढचं टेबल हवं असेल तर शुक्रवारी रात्री नऊच्या आत दुकानात सांगून ठेवा, फोनवर काका नावं लिहून घेत नाहीत.