सोर्सवरून सीएफइंजिन, पपेट की अ‍ॅन्सिबल: बांधणीचे ओझे कोणत्या यंत्रावर पडते?

ज्यांच्याकडे फक्त उबुंटू किंवा रेड हॅटचे चालू आवृत्तीचे सर्व्हर आहेत, त्यांनी कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचे (अनेक यंत्रांची मांडणी ठरवून ती तशीच राखण्याचे) सॉफ्टवेअर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधण्याच्या फंदात पडू नये. तयार पॅकेज घ्यावे आणि पुढच्या कामाला लागावे. सीएफइंजिन, पपेट आणि अ‍ॅन्सिबल या तीन साधनांची ही तुलना आहे ती ज्यांच्या ताफ्यात लिनक्सबरोबर एआयएक्स, सोलारिस किंवा फ्रीबीएसडी यांसारखी युनिक्स घराण्यातील सिस्टिमही आहे, अथवा ज्यांच्या संस्थेत बाहेरून तयार होऊन आलेली बायनरी (थेट चालणारी फाइल) चालवण्यास मनाई आहे, अशा अ‍ॅडमिनसाठी. अशा ठिकाणी कोणाची भाषा सोपी आणि कोणाची मॉड्यूल्स जास्त हे प्रश्न नंतरचे. बांधणीचे काम किती प्रकारच्या यंत्रांवर करावे लागेल, हे आधी मोजले पाहिजे. आणि इथे महत्त्वाची असते ती यंत्रांची संख्या नव्हे, तर ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर यांच्या जोड्यांची संख्या.

तिघांत सीएफइंजिन सर्वांत जुने. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात, भौतिकशास्त्र विभागातील वर्कस्टेशन सांभाळण्यासाठी ते लिहायला घेतले, आणि निरनिराळ्या युनिक्समधील भेद झाकणे हा त्याचा मूळ हेतूच होता. ते सी भाषेत आहे आणि त्याच्या गरजा मोजक्या आहेत: ओपनएसएसएल, नियमित अभिव्यक्तींसाठी पीसीआरई (अलीकडच्या आवृत्त्यांत पीसीआरई२), स्थानिक डेटाबेससाठी एलएमडीबी, आणि ऐच्छिक म्हणून पीएएम, एक्सएमएल वगैरे. टारबॉल (प्रकाशित सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) घेतला तर कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल हा जुना परिचित क्रम पुरतो. गिटमधून, म्हणजे विकासाच्या रिपॉझिटरीतून, सोर्स घेतला तर त्याआधी ऑटोजेन स्क्रिप्ट चालवावी लागते आणि ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, फ्लेक्स व बायसन ही सगळी मंडळी यंत्रावर असावी लागतात. म्हणून गिटची गरज नसेल तर टारबॉलच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बीएसडी आणि सोलारिसवर मूळच्या मेकऐवजी ग्नू मेक वापरावा. एआयएक्सवर ३२ बिटचे ऑब्जेक्ट आणि ६४ बिटच्या लायब्ररी एकत्र आल्या की लिंकर अडतो, तेव्हा सर्व अवलंबित लायब्ररी पहिल्यापासून एकाच रुंदीच्या बांधाव्यात. सोलारिसवर लायब्ररी नेहमीच्या जागी नसेल, तर तिचा मार्ग बायनरीतच कोरून ठेवावा. पर्यावरण-चलांवर विसंबून राहिल्यास क्रॉनमधून चालवताना तीच बायनरी लायब्ररी सापडत नसल्याची तक्रार करू लागते.

सीएफइंजिनचे स्वाभाविक घर ‘व्हार’खालची स्वतंत्र डिरेक्टरी आहे, त्यामुळे सिस्टिमच्या इतर फाइलींशी त्याची गल्लत होत नाही. मात्र एक गोष्ट अनेकदा ध्यानात येत नाही: गाभा आणि ‘मास्टरफाइल्स’ हा धोरणांचा संच या दोन वेगळ्या रिपॉझिटरी आहेत. गाभा नीट बांधला, किल्ल्यांची जोडी तयार केली, ५३०८ हे पोर्टही उघडले, पण मास्टरफाइल्स बसवल्या नाहीत, तर सर्व्हरकडे वाटायला धोरणच उरत नाही.

पपेटचे चित्र वेगळे आहे. ल्यूक केनीस यांनी २००५ मध्ये सुरू केलेले हे साधन रुबीत असल्याने ते स्वतः कंपाइल करावे लागत नाही, जेम (रुबीचे पॅकेज) म्हणून बसते. परंतु पपेट ८ ला रुबी ३.१ किंवा त्यापुढची लागते, आणि ज्या युनिक्सवर ती मिळत नाही तिथे आधी संपूर्ण रुबी बांधणे आले. म्हणजे एका साधनासाठी एका भाषेचा सारा संसार प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर उभा करायचा. यंत्राची माहिती गोळा करणाऱ्या फॅक्टरची तिसरी आवृत्ती सी++ मध्ये होती आणि ती बांधण्याचा त्रास फार मोठा होता. चौथी आवृत्ती पुन्हा रुबीत आली, ही जमेची बाजू. जेममधून बसवल्यावर सेवेच्या फाइली आणि वापरकर्ता यांची व्यवस्था आपणच करायची असते. पपेट सर्व्हर क्लोजर या भाषेत आहे आणि जेव्हीएमवर (जावाच्या आभासी यंत्रावर) चालतो, पण तो एकाच लिनक्स यंत्रावर ठेवता येतो, त्यामुळे त्याची चिंता कमी. २०२२ मध्ये पर्फोर्सने पपेट विकत घेतले आणि २०२४ च्या अखेरीस बायनरींचे सार्वजनिक वाटप आटोपते घेण्याचे जाहीर केले. त्यातून व्हॉक्स प्युप्युली या समूहाने ओपनव्हॉक्स हा फाटा काढला. आज नव्याने पपेटकडे वळणाऱ्याने आधी या दोहोंपैकी कोणाचा सोर्स धरायचा ते ठरवावे.

अ‍ॅन्सिबलचा मोठा आधार असा की प्रत्येक यंत्रावर एजंट (तिथे बसवलेला, स्वतःहून चालणारा प्रोग्राम) लागत नाही. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये आणलेले हे साधन नियंत्रक यंत्रावरून एसएसएचने काम करते. पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये ते पिप या पॅकेज-साधनाने बसते, किंवा गिटची प्रत घेऊन तिच्यातील पर्यावरण-स्क्रिप्ट शेलमध्ये लोड केली की न बसवताही चालते. सोर्सवरून चालवायला इतके सोपे साधन या तिघांत दुसरे नाही. अडचण त्याच्या अवलंबित्वांत आहे. पायथनची ‘क्रिप्टोग्राफी’ ही लायब्ररी २०२१ च्या आरंभी आलेल्या ३.४ आवृत्तीपासून बांधणीसाठी रस्ट मागते, आणि बाहेरच्या बायनरी व्हील (पायथनची तयार पॅकेजे) वर्ज्य असतील तर नियंत्रकावर रस्टचा कंपायलर आलाच. तो लिनक्सवर सहज मिळतो, म्हणून नियंत्रक लिनक्सच असावा.

बांधणी नियंत्रकावर संपते हे विधानही अर्धेच खरे आहे, कारण ताब्यातील यंत्रांवर पायथन लागतोच. अ‍ॅन्सिबल कोअर २.१७ ने तिथल्या पायथन २.७ आणि ३.६ चा आधार काढून घेतला, त्यामुळे रेड हॅट ८ सारख्या, सिस्टिमचा पायथन ३.६ असलेल्या यंत्रांवर एकतर नवा पायथन बसवावा लागतो किंवा २.१६ वरच थांबावे लागते. जुन्या सोलारिसवर हाच प्रश्न आला, तर एजंट टाळण्यासाठी निवडलेले साधन पायथन बांधायला लावते. मग सीएफइंजिनचा छोटा सी एजंट बांधणे त्यापेक्षा हलके पडते. शिवाय सीएफइंजिनचा एजंट साधारणपणे दर ५ मिनिटांनी आणि पपेटचा दर ३० मिनिटांनी स्वतःहून चालतो, तर अ‍ॅन्सिबल आपण चालवू तेव्हाच चालते. दोन फेऱ्यांमध्ये कोणी हाताने केलेला बदल तोवर तसाच राहतो.

निवड काहीही असो, मेक इन्स्टॉल थेट चालू सर्व्हरवर करू नये. प्रत्येक प्रकारासाठी एक बांधणी-यंत्र ठेवावे, ‘डेस्टडिर’ देऊन फाइली वेगळ्या डिरेक्टरीत उतरवाव्यात, आणि त्यांचे त्या सिस्टिमचे मूळ स्वरूपाचे पॅकेज करून तेच सर्वत्र पोचवावे. नाहीतर कोणत्या यंत्रावर काय बसले याची नोंद कुठेच राहत नाही. ओपनएसएसएलही स्वतः बांधून आत गुंफले असेल, तर त्यातील प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीबरोबर नव्याने बांधणी करण्याची जबाबदारी विक्रेत्याची नसून आपली होते. हे सातत्य जमणार नसेल, तर सिस्टिमनेच दिलेल्या ओपनएसएसएलशी लिंक करावे.

माझा कौल असा: एआयएक्स किंवा सोलारिस दोन-तीनच यंत्रांपुरते असेल आणि त्यांवर पुरेसा नवा पायथन आधीच असेल, तर अ‍ॅन्सिबल. तसा पायथन नसेल, किंवा प्रत्येक यंत्राने स्वतःला वारंवार ताळ्यावर आणणे आवश्यक असेल, तर सीएफइंजिन. पपेटची बांधणी मात्र धोरणांचा मोठा साठा आधीच पपेटच्या भाषेत लिहून ठेवलेल्यांनीच पत्करावी, आणि फ्रीबीएसडीवर तर तिघांपैकी कशासाठीही आधी पोर्ट्स संग्रह पाहावा, कारण तिथे सोर्सवरून बांधणीच होते आणि तिची नोंदही राहते.