एकाच रेकॉर्डवर लेनन आणि मॅकार्टनी

बीटल्स या इंग्लिश बँडची ही ४५ आरपीएमची छोटी रेकॉर्ड मला पुण्यात जुन्या बाजारात मिळाली, थोडी खरखरते पण वाजते मस्त. १९६७ चं हे सिंगल, एका बाजूला जॉन लेननचं स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर, दुसरीकडे पॉल मॅकार्टनीचं पेनी लेन. दोघंही लिव्हरपूलच्या लहानपणाबद्दलच लिहितायत आणि तरी किती वेगळं!

पॉलचं गाणं म्हणजे नाक्यावर उभं राहून बघितलेलं सगळं, न्हावी, बँकवाला, फायरमन, एकेक माणूस दोन ओळीत उभा करतो, चाल पहिल्यांदा ऐकली तरी तोंडात बसते, मधे तो पिकोलो ट्रम्पेट (छोटा, उंच सुराचा ट्रम्पेट) आणि शेवटी पट्टी वर चढते तेव्हा अंगावर काटा येतो राव.

जॉन मात्र बाहेर बघतच नाही. घराजवळच्या अनाथाश्रमाच्या बागेचं नाव घेतो आणि सांगतो स्वतःच्या डोक्यातला गोंधळ, वाक्य अर्धवट सोडतो, परत उचलतो, आणि ते खरं वाटतं. दोन वेगळ्या पट्टीतले, वेगळ्या लयीतले टेक, म्हणजे एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंग, जोडलेत यात, साधारण एका मिनिटाला जोड आहे, हेडफोन लावून ऐका.

चाल बांधण्यात पॉल सरस, पण शब्दात जॉन खोल जातो, माझं मत जॉनलाच. अर्थात त्याच्या गाण्याची सुरुवातीची मेलोट्रॉनची (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) धून वाजवलीये पॉलनेच, त्यामुळे भांडण इतकं सरळ नाहीये.

घेताना रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून चरे नक्की बघा.