जुने मॉडेलिंग अंक: 'एअरफिक्स मॅगझिन' घ्यावं की 'फाइनस्केल मॉडेलर'?

प्लास्टिकची छोटी विमानं-रणगाडे जोडायचा छंद असेल आणि त्याच्या जुन्या मासिकांसाठी पैसे एकाच गठ्ठ्यापुरते असतील तर साठ-सत्तरच्या दशकातलं ब्रिटिश 'एअरफिक्स मॅगझिन' घ्या, तेही कागदावर. ऐंशीच्या दशकातलं अमेरिकन 'फाइनस्केल मॉडेलर' स्कॅनमध्ये वाचलं तरी भागतं. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

'एअरफिक्स मॅगझिन' जून १९६० मध्ये सुरू झालं आणि मध्येमध्ये खंड पडत १९९३ पर्यंत चाललं. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची किटं, म्हणजे जोडायचे सुटे भाग भरलेली खोकी, तेव्हा वूलवर्थच्या दुकानात पोरांच्या खाऊच्या पैशात मिळायची. पण स्पिटफायर हे लढाऊ विमान हवं तर खोक्यात जे असेल तेच स्पिटफायर. त्याच्या आधीची किंवा नंतरची आवृत्ती हवी असेल तर करवत घ्या. या मासिकाचा जीव त्या करवतीत आहे. 'कन्व्हर्जन'चे लेख म्हणजे दोन-तीन धुरकट काळे-पांढरे फोटो, एक रेखाचित्र आणि सूचना: इथून कापा, तिथे वीस थाउचं प्लास्टिक कार्ड चिकटवा, पुट्टी भरा, पॉलिश पेपर मारा. (पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपात काम केलेल्याला थाउ समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी: वीस थाउ म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर.)

आपल्याकडच्या माणसाला याचा उपयोग कसा, ते नॅट या लढाऊ विमानावरून कळतं. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांशी भिडलेलं आपलं नॅट एकाच वैमानिकाचं. एअरफिक्सचं साठच्या दशकातलं १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) नॅट मात्र दोन आसनांचं प्रशिक्षण विमान. धड लांब, पंखही मोठे. मी ते कापायला घेतलं तेव्हा नेमका नॅटवरचा लेख माझ्याकडे नव्हता. पण दुसऱ्याच कुठल्या विमानाचं धड कसं आखूड करायचं, हे त्या अंकांत इतक्यांदा वाचलं होतं की हात बिचकला नाही. आधी दोन्ही अर्धी चिकटवून घ्यायची, चिकटपट्टी गोल गुंडाळून तिच्या कडेने रेघ ओढायची आणि मग कापायचं. उलट क्रमाने केलं की दोन्ही बाजूंचा काप जुळत नाही. हे मी आधी एक धड वाया घालवून शिकलो होतो.

'फाइनस्केल मॉडेलर' १९८२ चं. काढणारी कंपनी मिलवॉकीची कामबाख, जी १९३४ पासून छोट्या रेल्वेगाड्यांच्या छंदाचं 'मॉडेल रेलरोडर' चालवत होती. पायरी-पायरीने शिकवायची सवय तिथूनच आलेली. फोटो स्वच्छ, हातात काय धरलंय ते दिसतं, रंगीत पानंही भरपूर. एअरब्रशची फवारणी, वॉश-ड्रायब्रशसारख्या रंगवायच्या रीती, चिखल आणि गंज दाखवणं या बाबतीत ब्रिटिश मासिक त्याच्या जवळपास येत नाही. रणगाडे हा तुमचा विषय असेल, तर माझा वरचा सल्ला उलटा करा.

तरी माझी पसंती बदलत नाही, कारण रंगाची माहिती शिळी होते. त्या अमेरिकन लेखांत पानोपानी येणारे फ्लोक्विल आणि पॅक्ट्राचे रंग २०१३ मध्ये बंद झाले. मिश्रणाचं प्रमाण कितीही नेमकं असलं तरी बाटलीच मिळत नाही. ब्रिटिश अंकांतल्या हंब्रोल रंगांच्या 'ऑथेंटिक' मालिकेच्या क्रमांकांचंही तेच झालं. प्लास्टिक कापायची रीत मात्र आजही तीच. स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या दांड्यांना जोडलेले येतात, त्यांचा) तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीत नव्हे, फिरवत धरायचा. मधोमध चकाकी येऊन तो लवायला लागला की बाजूला घेऊन हळू ओढायचा. केसासारखी तार निघते, तीच विमानाची एरियल.

फक्त आराखडे हवे असतील तर तिसरंच नाव सांगतो: ऑक्टोबर १९७८ मध्ये अ‍ॅलन हॉल यांनी सुरू केलेलं 'स्केल एअरक्राफ्ट मॉडेलिंग'. एकेका विमानावर सविस्तर लेख, १/७२ चे आराखडे, रंगसंगती. वाचायला कोरडं आहे.

आता कागद की स्कॅन. टपालखर्च अंकाच्या किमतीहून जास्त होतो, हे धरूनच चला. शिवाय आपला पावसाळा. गुळगुळीत पानं दमटपणाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फोटोचा पापुद्रा निघतो. जाडसर साध्या कागदाचे अंक टिकतात, पण त्यांच्या पिना गंजतात. मी पिना काढून दोऱ्याने शिवतो आणि कसर लागू नये म्हणून उन्हाळ्यात एकदा सगळे अंक सावलीत वारा देऊन ठेवतो. घरच्यांच्या लेखी ही रद्दीच.

वाचायला स्कॅन पुरतो. आराखड्याला पुरत नाही. प्रिंटर 'पानात बसवा' म्हणत गुपचूप आकार कमी करतो. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये १५६ मिलिमीटर. छापल्यावर पट्टी लावा. १५१ भरले तर तीन टक्के गेले, आणि त्या कागदावरून कापलेला पंख कुठेच बसणार नाही.

आठवणींसाठी घेत असाल तर कागदाला पर्यायच नाही, कारण खरी मजा जाहिरातींत आहे: दाटीवाटीने छापलेल्या किटच्या याद्या, शिलिंग-पेन्समधल्या किमती, कुणीतरी पेन्सिलीने केलेल्या खुणा. पुठ्ठा-बांधणीच्या वार्षिक खंडांत नेमकी हीच पानं काढून टाकलेली असू शकतात, म्हणून सुटे अंक बरे.

विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे मुखपृष्ठाचा नाही, मधल्या पानांचा फोटो मागा. मला एकदा 'उत्तम स्थितीतला' म्हणून आलेल्या संचात बारापैकी चार अंकांचे आराखडे ब्लेडने कापून नेलेले होते. कापणाऱ्याचा हात मात्र सरळ होता.