‘ईसीएम गेला’ म्हणून भरलेले चाळीस हजार रुपये

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यात साताऱ्यात आठवडाभर पावसाची झड लागलेली असताना आमची गाडी दारातच बंद पडली आणि ती सुरू करून देण्याच्या नावाखाली माझ्याकडून ४०,३०० रुपये घेतले गेले. गाडीतला खरा दोष पुढे ४५० रुपयांत निघाला. गॅरेजचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. परंतु काय सांगितले गेले, त्यातले काय खोटे होते आणि ते कसे उघडकीस आले, हे मात्र सविस्तर लिहितो, कारण असेच शब्द उद्या दुसऱ्या कोणाच्या कानावर पडणार आहेत.

आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन कऱ्हाडला झाले होते आणि त्या सकाळी दहा वाजता तिला तपासणीला न्यायचे होते. चावी फिरवली, तर सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) फिरण्याऐवजी बॉनेटखालून एकदाच ‘टक्’ असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. वायपर मात्र नेहमीच्याच वेगाने चालत होते, हॉर्न खणखणीत वाजत होता आणि चावी धरून ठेवली तरी समोरच्या भिंतीवरचा हेडलाइटचा उजेड मंदावत नव्हता. बॅटरी उतरली असेल या समजुतीने शेजारच्या काकांनी आपली गाडी शेजारी लावून जंपर केबल जोडली. तरीही फरक पडला नाही. शेवटी काकाच आईला कऱ्हाडला घेऊन गेले आणि मी एका परिचितांनी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. तासाभरात महामार्गालगतच्या एका गॅरेजची टोइंगची गाडी आली.

त्या सकाळी मी जे पाहिले होते, त्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. बॅटरी खरोखर उतरलेली असेल, तर सेल्फ मारताना दिवे मंदावतात, कारण सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह ओढू लागतो आणि दुबळ्या बॅटरीचा दाब कोसळतो. दिवे तसेच्या तसे राहिले, याचा अर्थ बॅटरीत ताकद होती, पण ती सेल्फपर्यंत पोहोचत नव्हती. मी शाळेत विज्ञान शिकवतो, ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहितो, आणि तरीही त्या घाईत आईच्या डोळ्यापलीकडे मला काही सुचले नाही.

दुपारी शाळेत असताना गॅरेजमधून फोन आला. “सर, स्कॅनर लावला, ईसीएम गेलाय. पावसाचं पाणी जाऊन शॉर्ट झालाय. आता ऑर्डर टाकली तर परवापर्यंत होईल, नाहीतर पुढचा आठवडा.” ईसीएम म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक. संध्याकाळी मी जाऊन पाहिले, तेव्हा स्कॅनरच्या पडद्यावर लाल अक्षरांत चार-पाच ओळी होत्या. त्यांचा फोटो मी काढून ठेवला, हे एक बरे झाले. ईसीएमचे २७,५०० रुपये सांगितले आणि मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला की बॅटरी कमजोर आहे, तिने नवा ईसीएमही जाईल, ४,९०० रुपये. तिसऱ्या दिवशी सेल्फचे कार्बन संपले असल्याचे कळले, ४,२०० रुपये. मजुरी आणि स्कॅनिंगचे २,२००, टोइंगचे १,५००. एकदम चाळीस हजारांचा आकडा ऐकला असता, तर मी निश्चितच दुसरीकडे विचारपूस केली असती. आकडा असा तुकड्यातुकड्यांनी सांगितला गेला आणि प्रत्येक वेळी आधी गुंतलेल्या पैशाचीच भीती दाखवली गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी एका चावीत सुरू झाली. जुने भाग मागितले, तर “जुना ईसीएम एक्स्चेंजमध्ये गेला, बॅटरी स्क्रॅपवाल्यानं नेली,” असे उत्तर मिळाले. त्या बॅटरीची हमी अजून शिल्लक होती. पावती साध्या पॅडवर होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता आणि बसवलेल्या ईसीएमचा अनुक्रमांकही नव्हता. गाडी सुरू झाली या समाधानात मी पैसे भरले.

बरोबर तेविसाव्या दिवशी, पोवई नाक्याजवळ औषधे घेऊन परत आलो, चावी फिरवली आणि तोच ‘टक्’ ऐकू आला. गॅरेजला फोन केला, तर “पुन्हा टो करून आणावी लागेल, बहुतेक वायरिंग हार्नेस असेल,” असे सांगण्यात आले. औषधांच्या दुकानदारांनी ओळखीच्या एका वायरमनना बोलावले. हे गृहस्थ साठीच्या पुढचे, जन्मभर ट्रकचे डायनामो आणि सेल्फ बांधत आलेले. दुचाकीवरून आले तेव्हा त्यांच्याजवळ कापडी पिशवीत एक मल्टीमीटर, दोन पाने, पॉलिश पेपर आणि जंपर केबलची जोडी एवढेच सामान होते.

त्यांनी आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावला. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मला चावी फिरवायला सांगितली. ‘टक्’ झाला आणि आकडा ११.६ वर थांबला. “बॅटरी दमली असती तर नऊच्या खाली आली असती, सर. हिच्याकडं कोण मागतच नाही.” मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली आणि पुन्हा चावी फिरवायला लावली. या दोन ठिकाणांमध्ये सेल्फ मारताना फार तर ०.२ किंवा ०.३ व्होल्टचा फरक दिसावा. मीटरने ७.४ दाखवले. सेल्फसाठी निघालेल्या दाबाचा मोठा हिस्सा वाटेतच खर्च होत होता आणि सेल्फला उरत होते चार-सव्वाचार व्होल्ट, ज्यात आतला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टक् करतो पण मोटार फिरत नाही.

पुढची गोष्ट मी कधी विसरणार नाही. त्यांनी जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या लोखंडी कानाला लावले आणि म्हणाले, “आता मारा सेल्फ.” इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागले. त्या पहिल्या सकाळी काकांनी बॅटरीला बॅटरी जोडली होती, म्हणून काही झाले नव्हते. त्याच केबलचे एक टोक इंजिनाला लावले असते, तर आई माझ्याच गाडीतून कऱ्हाडला गेली असती.

दोष होता अर्थिंगच्या पट्टीत. आमच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडलेली आहे आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे प्रवाह परतण्याची खरी वाट ती पट्टीच. बॅटरीच्या ट्रेखालून त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. मधला भाग ठीक दिसत होता, पण टोकाच्या कडीजवळ तारा हिरव्या पडून भुसभुशीत झाल्या होत्या आणि बोटाने दाबताच त्यांची पूड निघाली. कडीखालचा बोल्ट गंजला होता. साध्या मीटरने ओहम मोजले असते, तर हा दोष बहुधा दिसला नसता, कारण शंभर अँपिअरच्या प्रवाहात ०.०७ ओहम एवढा क्षुल्लक रोधही ७ व्होल्ट खातो. म्हणूनच असा दोष सेल्फ मारत असतानाच मोजावा लागतो. नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासलेली जागा, नवा बोल्ट आणि मजुरी मिळून त्यांनी ४५० रुपये घेतले.

मग मी त्यांना स्कॅनरचा फोटो दाखवला. त्यातला एक कोड पी०५६२ होता, म्हणजे विजेचा दाब कमी पडला. दुसरा यू०१००, म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. आमच्या गाडीत ईसीएमचे अर्थिंगही इंजिनावरच आहे. सेल्फ मारताना इंजिनाचे अर्थिंग कमजोर पडले, की ईसीएम क्षणभर बंद पडतो आणि गाडीतले इतर संगणक ‘संपर्क तुटला’ अशी नोंद करून ठेवतात. स्कॅनर खोटे बोलला नव्हता. त्याने परिणाम सांगितला होता आणि गॅरेजवाल्यांनी तोच कारण म्हणून विकला. शिवाय चावीच्या या गाडीत सेल्फ फिरवण्यासाठी ईसीएम लागतच नाही. ईसीएम गेला असता, तर सेल्फ फिरला असता आणि इंजिन लागले नसते. आमच्याकडे नेमके उलटे होते. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडूनही उपयोग झाला नव्हता, हे मी गॅरेजवाल्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि तरीही त्यांनी नवी बॅटरी माझ्या माथी मारली.

एवढ्यावर मी याला अज्ञान म्हटले असते. पण वायरमननी विचारले, “चावी कोडिंग केली का त्यांनी?” इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या अशा गाडीत नवा ईसीएम बसवला, तर चाव्या त्याला नव्याने ओळखून द्याव्या लागतात. माझी दुसरी चावी त्या तिन्ही दिवशी घरीच कपाटात होती आणि ती आजही चालते. घरी जाऊन मी जुने फोटो शोधले. दोन वर्षांपूर्वी विम्याची मुदत उलटून गेल्यामुळे गाडीची तपासणी झाली होती, तेव्हा बॉनेट उघडून काढलेल्या फोटोत ईसीएमवरचे लेबल स्पष्ट दिसत होते. टॉर्च लावून मी प्रत्यक्ष लेबल वाचले. अनुक्रमांक अंकाला अंक तोच होता. लेबलच्या डाव्या कोपऱ्यातला फाटलेला तुकडासुद्धा फोटोतल्यासारखाच होता. २७,५०० रुपयांचा नवा ईसीएम बसवलाच गेला नव्हता. मग गाडी तेवीस दिवस चालली कशी? सेल्फ आणि बॅटरी काढताना ती पट्टी सोडावी लागते. पुन्हा आवळल्यावर गंजलेली कडी थोडी घासली जाऊन तिने काही दिवस तग धरला, असे वायरमनचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. म्हणजे दोष गॅरेजवाल्यांच्या हातात येऊन गेला होता.

दोन्ही फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा मालकांनी आवाज चढवला नाही. “सर, गाडी सुरू करून दिली होती ना? तेवीस दिवसांत कुठं काय झालं, ते आम्ही कसं सांगणार?” अनुक्रमांकाविषयी विचारल्यावर मुलाकडून चूक झाली असेल, पाच हजार परत देतो, असे म्हणाले. मी नकार दिला. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि उत्तर न आल्याने साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

ज्यांची गाडी आज ‘टक्’ करून थांबली आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की महागड्या भागाला होकार देण्यापूर्वी सेल्फ मारताना बॅटरीवर किती व्होल्ट होते आणि निगेटिव्ह टोक व इंजिन यांच्यामध्ये किती, हे दोन आकडे विचारा, आणि शक्य तर समोर उभे राहून पाहा. ज्याने मोजले असेल, तो लगेच सांगेल. ईसीएम बदलायचाच असेल, तर आधी जुन्या लेबलचा फोटो काढा आणि जुना भाग परत देण्याचे कागदावर लिहून घ्या.

आयोगासाठी मला वायरमनचे लेखी मत हवे होते. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, “सर, फसवलं असं मी लिहिणार नाही, ती पण आमच्याच धंद्यातली माणसं. मीटरनं काय दाखवलं ते लिहितो.” माझ्याच वहीच्या पानावर त्यांनी तारीख, गाडीचा क्रमांक आणि खाली १२.६, ११.६, ७.४, असे आकडे लिहून सही केली. नवी पट्टी बसवल्यानंतरचा आकडाही लिहिला, ०.१. ते पान आणि हिरवी पडलेली जुनी पट्टी, दोन्ही मी अर्जासोबत पाकिटात घालून दिले आहे.